सायबिणीचं मधलं घर

दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण मी मांद्र्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवली. त्यातला तिसरा नेमका कसा दिसतो, असं एकदा एका मुलाने विचारलं होतं, तेव्हा मी त्याला डोळे वटारून खाली बसवलं. आता सांगू शकते. तो माझ्यासारखा दिसतो. साठीला टेकलेला, चष्म्याचा, स्वच्छ पातळातला आणि कुणाला ताकास तूर लागू न देणारा.

माझं घर खालच्या वाड्यावर आहे. उजवीकडे रेजिना, डावीकडे पिएदाद आणि मध्ये मी, सत्यवती बाई. नवरा, सगुण मास्तर, १९८० साली गेले. मुलगा कृष्णनाथ सुर्ल्याला असतो, खनिजाचे ट्रक सुटतात तिथे देखरेखीच्या कामावर. पंधरवड्यातून एका रविवारी येतो, जेवतो, झोपतो आणि जातो. तक्रार नाही. पण रिकाम्या घरात माणसाने रेडिओशी किती भांडायचं?

वाड्यावर सतरा घरं ख्रिश्चनांची, पाच आमची. दर वर्षी भात कापून झालं की वाड्याच्या छोट्या प्रार्थनाघरातली, कपेलातली सायबीण, म्हणजे मारिया मातेची हातभर उंचीची मूर्ती, घरोघर फिरायला निघते. आज या घरी, उद्या शेजारच्या. संध्याकाळी येते आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राहते. ती आली की सगळा वाडा तिच्यापुढे जमून लदीन म्हणतो. लदीन लॅटिनमध्ये असते. एकाने मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. मग उकडलेले चणे वाटतात आणि पुरुषमंडळींना घोटभर फेणी मिळते. दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई सायबिणीला शेजारच्या उंबऱ्यापर्यंत नेते आणि तिथली बाई तिला हातात घेते. हातातून हातात. मध्ये मेज चालत नाही की कदेल, म्हणजे खुर्ची, चालत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, म्हणून तो कुणाला मोडताही येत नाही.

पूर्वी सायबीण रेजिनाच्या घरातून सरळ पिएदादच्या घरी जायची. माझ्या दारावरून गात गात जायची आणि मी खिडकीतून नमस्कार करायची. १९८१ साली बिघडलं. रेजिनाचा थोरला आंतोन बोटीवर नोकरीला. त्या दिवशी तो मुंबईहून बसने येणार होता आणि बसला उशीर झाला. सायबिणीच्या पाया पडल्याशिवाय पोराने घरात पाऊल टाकू नये म्हणून रेजिनाने तिला दीड तास अडकवून ठेवलं. इकडे पिएदाद मेणबत्ती घेऊन उंबऱ्यावर उभी. दोन मेणबत्त्या संपल्या, शिवोलीहून आलेले पाहुणे उठून गेले. त्यात पिएदाद आंतोनची मादीन, बाप्तिस्म्याची आई. तो आला आणि तिच्याकडे आशीर्वादाला न येता जेवायला बसला, हे तिला कुणीतरी तत्परतेने सांगितलं. पिएदाद म्हणाली, "सायबीण तिच्या बापायची न्हय." रेजिना म्हणाली, "तिच्या बापायची तरी खंय?" झालं. पुढच्या वर्षी एक न्यायला तयार नाही आणि दुसरी घ्यायला तयार नाही.

शेवटी कपेलाच्या मंडळींनी तोड काढली. दोघींच्या मध्ये बाईचं घर आहेच. रेजिनाने बाईकडे द्यावी, एक दिवस तिथे राहावी, बाईने पिएदादकडे न्यावी. मला विचारायला कायतान मेस्त आला. मेस्त म्हणजे वाड्याचा गाण्याचा मास्तर, लदिनीला व्हायोलिन तोच वाजवतो. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो फाटकापर्यंत पोचायच्या आत मी हो म्हणून ओरडले.

माझे दीर भिकाजी पेडण्याहून मुद्दाम आले. लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, लोक 'ओरा प्रो नोबिस' म्हणतील, तुम्हीही म्हणा. ते रुसून ओसरीवर बसले आणि चणे मात्र दोनदा मागून घेतले.

ती पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. मास्तर गेल्यापासून त्या घरात एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं आली नव्हती, आणि ती चारही दुखवट्याची. आता पन्नास जण आले. बायका स्वयंपाकघरात शिरून माझी भांडी मला न विचारता घेऊ लागल्या. मी सायबिणीला लग्नातल्या शालूच्या घडीवर बसवलं होतं, आबोलीचा वळेसर घातला होता. लदीन संपल्यावर मेस्तने वाड्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "बाय, आज कोणाखातीर?" प्रत्येक घरी हे विचारतात. घरच्या बाईने नाव सांगायचं आणि सगळ्यांनी त्या माणसासाठी 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची. मी म्हटलं, "मास्तराखातीर." पन्नास तोंडांनी माझ्या नवऱ्यासाठी प्रार्थना केली. त्यातल्या निम्म्यांना त्याने छड्या मारल्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या दिवशी मोठ्याने हसले, आणि कशाला ते आता आठवतही नाही.

तेव्हापासून माझं वर्ष सायबिणीपासून सायबिणीपर्यंत मोजलं जाऊ लागलं. आणि एक गोष्ट मला कुणी न सांगताच कळली. ज्या दिवशी या दोघी बोलतील, त्या दिवसापासून सायबीण पुन्हा माझ्या दारावरून गात गात पुढे जाईल.

मी भांडण लावलं नाही, हे आधी सांगते. पण विझूही दिलं नाही. रेजिना म्हणायची, "पिएदाद बरी आसा मगो?" मी पिएदादला म्हणायची, "रेजिना विचारत होती, अजून आहेस का." फार नाही, एखादा शब्द इकडचा तिकडे. शाळेत इन्स्पेक्टर येणार असला की हजेरी जशी जराशी सुधारायची, तसंच हे. असं मी मनाला समजावत असे.

मग राजभाषेचा वाद पेटला. मी मराठीच्या मोर्चाला गेले, वाड्यावरचे सगळे कोंकणीच्या सभेला. मोर्चात मी मराठीसाठी घसा बसवला आणि घरी येऊन पदेराशी शिळ्या पावावरून भांडले ते कोंकणीत, ही गोष्ट वेगळी. रस्त्यावर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या. त्या वर्षी वाड्यावरचे एक-दोन जण म्हणाले, मराठीवालीच्या घरी सायबीण कशाला? तेव्हा कंबर कसून उभी राहिली ती रेजिना. "सायबिणीक खंयची भास कळटा ती तिका विचार. कळ्ळें जाल्यार म्हाकाय सांग." पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही.

आणि अशा रेजिनाशी मी काय केलं, ते आता सांगते. सांगताना माझी मान वर होत नाही.

१९८५ चा नाताळ. रेजिना मागच्या दाराने माझ्याकडे आली. हातात झाकलेली बशी. बारा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि नारळाच्या रसात गूळ आटवून केलेल्या दोदोलाची जाड वडी, काळी कुळकुळीत, तुपाने चमकणारी. म्हणाली, "बाय, ही पिएदादीक दी. म्हणपाचें कांय ना. फकत दी." मला सगळं कळलं. चार वर्षांनी ती नमली होती. पिएदादने बशी घेतली असती, रिवाजाप्रमाणे त्याच बशीत आपलं काहीतरी घालून परत पाठवली असती, आणि भांडण तिथेच मिटलं असतं. आमच्याकडे दिलेली बशी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

मी बशी मेजावर ठेवली. पहिल्या दिवशी म्हटलं, संध्याकाळी देते. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पिएदादकडे पाहुणे आहेत. तिसऱ्या दिवशी एक नेवरी खाल्ली. एक नेवरी कमी असलेली बशी कशी द्यायची? म्हणून आणखी एक. पाचव्या दिवशी दोदोलही संपला. दोदोल उत्तम होता, हे पापाच्या जोडीला सांगते. मग मी बशी धुतली, पुसली आणि रेजिनाला नेऊन दिली. रिकामी.

तिने बशीकडे पाहिलं. उलटी करून पाहिली. "पिएदादीन अशीच दिली?" मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली, जणू मानेचं पाप वेगळं असतं. तिने बशी फडताळात ठेवून दिली आणि पुन्हा त्या घराचं नाव काढलं नाही. पुढच्या महिन्यात मी सायबिणीच्या दिवसासाठी नवे पडदे शिवायला टाकले.

१९८७ साली फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला, मेमध्ये गोवा घटक राज्य झालं, आणि जूनमध्ये आमच्याकडे फादर लुसियान आले. तिशीचे, साष्टीचे, लुना चालवणारे. त्यांच्याकडे एक वही होती. प्रत्येक घराला एक पान, आणि त्या पानावर त्या घराचं दुखणं. कुणाची सून रुसलेली, कुणाचा मुलगा दारू पिणारा. अक्षर वाईट, मन चांगलं. मेंढपाळाने मेंढरांची विचारपूस कशी करावी, याचं त्यांनी सेमिनारीत रीतसर शिक्षण घेतलं होतं.

पहिली विचारपूस अर्थातच या दोघींची. रेजिनाने त्यांना चहा दिला आणि १९८१ पासूनची हकिगत ऐकवली. पिएदादने लिंबाचा सोडा दिला आणि तीच हकिगत उलटी ऐकवली. फादरांनी क्षमेवर सुंदर प्रवचन केलं. रेजिना म्हणाली, "हांवें तिका केन्नाच माफ केलां, पाद्रीबाब. फकत तिचें तोंड पळोवचें ना." पिएदाद म्हणाली, "म्हजेंय तेंच बरय वहींत." चार महिने हे चाललं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक दिवस लुना माझ्या फाटकाशी थांबली. फादर आत येऊन बसले, कपाळ पुसलं. "टीचर, तुमी दोगांच्या मदीं रावतात. तुमी कितें तरी करात."

चोराच्या मनात चांदणं. माझा हात आपोआप पदराशी गेला, जणू तिथे नेवरीचा चुरा दिसेल. मी माझा सगळ्यात शहाणा आवाज काढला. "फादर, जुनी गाठ ओढली तर घट्ट होते. आपण सोडून द्यावी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "खरें आसा. सेमिनारींत शिकयल्लें सगळें म्हजें सोंपलें, टीचर. आतां हांव कोणाक कितेंच सांगना. लदिनीक येतलों, फाटल्यान बसतलों, सगळ्यांबरोबर म्हणटलों." असं म्हणून ते गेले. मी दार लावून सुटकेचा निःश्वास टाकला. बोलणाऱ्या पाद्रीची भीती असते, नुसतं बसणाऱ्याची कसली भीती?

नोव्हेंबरात सायबीण निघाली. फादर शब्दाला जागले. रोज संध्याकाळी येत, मागच्या बाकावर मुलांच्या मध्ये बसत, 'ओरा प्रो नोबिस' म्हणत, चणे खात आणि जात.

रेजिनाच्या घरची संध्याकाळ आली. मी गेले, दर वर्षी जाते. पिएदाद अर्थात नव्हती. लदीन झाली, मेस्तने विचारलं, "रेजिन, आज कोणाखातीर?" सगळ्यांना उत्तर पाठ होतं. आंतोनखातीर, बोटीवर आहे म्हणून.

रेजिना म्हणाली, "आयज बायखातीर."

मी इकडेतिकडे पाहिलं. वाड्यावर दुसरी कुणी बाय आहे का, ते शोधत होते.

"स वर्सां जालीं, ती सायबिणीक म्हज्या घरांतल्यान व्हरता. कोणाचें वायट उलयना. हांवें दिल्लें तें पावयता. घरांत एकटी आसता आनी केन्ना रडना. तिका सायबिणीन सांबाळची."

आणि सगळ्यांनी माझ्यासाठी 'आमच्या बापा' म्हटलं. लहान पोरं, म्हातारे, मागच्या बाकावरचे फादर, सगळ्यांनी. मी चणे न घेताच घरी आले. मेस्तची बायको पुडी घेऊन मागे धावली, तर मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

दुसरा दिवसभर मी रेजिनावर चिडले होते. प्रार्थना करायला हिला दुसरं माणूस मिळालं नाही? आंतोन बोटीवर आहे, समुद्र खवळलेला असतो, त्याच्यासाठी करायची. हांवें दिल्लें तें पावयता! दिलेलं पोचवते म्हणे! मी ओसरी झाडत होते आणि ते वाक्य माझ्या पुढे पुढे चालत होतं. प्रवचन असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं, एकतीस वर्षं तेच केलं. पण कुणी आपल्यासाठी प्रार्थना केली, तर तिला काय उत्तर द्यायचं? गप्प राहिलं तर काय बिघडेल, याचाही मी नीट विचार केला. काहीच बिघडणार नव्हतं. पडदे नवे होते, सायबीण पुढच्याही वर्षी आली असती.

संध्याकाळी रेजिनाने तिला माझ्या हातात दिलं. नेहमी तान्ह्या मुलाएवढं वाटणारं वजन त्या दिवशी तांदळाच्या पिशवीसारखं लागलं. माणसं बसली. रेजिना जनेलाशी, म्हणजे खिडकीशी. पिएदाद मागच्या दाराने येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जिथून रेजिना दिसत नाही अशा बेताने. सहा वर्षं त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. लदीन सुरू झाली. या घरात 'ओरा प्रो नोबिस' सगळ्यात मोठ्याने म्हणते ती मी. त्या दिवशी मी नुसती सायबिणीचा वळेसर नीट करत राहिले.

मेस्तने विचारलं, "बाय, आज कोणाखातीर? मास्तराखातीर, न्हय?" त्याने व्हायोलिनची धनुकली उचललीसुद्धा होती.

"रावं, मेस्त," मी म्हटलं. "आज म्हजेखातीर मागात. हांवें चोरी केल्या."

मी सायबिणीकडे पाहून बोलले. माणसांकडे पाहून बोलायची ताकद नव्हती. बशी, नेवऱ्या, दोदोल, पाच दिवस, धुतलेली रिकामी बशी, हलवलेली मान, सगळं सांगितलं. का केलं तेही सांगितलं. "तुमी दोगीं उलयतलीं जाल्यार ही म्हज्या घरा येवची ना. म्हणून केलें. म्हजें घर वर्साक एक दीस भरता. तो दीस म्हाका सोडूंक जालो ना."

मेस्तची धनुकली हवेतच राहिली होती. रेजिना उठली.

"बोशी रिती तुवें धाडली?"

"हय."

"आनी हांव दोन वर्सां पिएदादीक मनांत गाळी घालतां!"

"हय."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आवाज आला, "कसली बोशी?"

रेजिना गर्रकन वळली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलली. "नेवऱ्यो आसल्यो. बारा. आनी दोदोल."

"दोदोल? तुज्या हातचो?"

"मागीर कोणाच्या हातचो? दुकानांतलो?"

पिएदाद उठून आत आली. माझ्यापुढे उभी राहिली. "बाय, सगळो खाल्लो?"

"सगळो."

"एक नेवरी लेगीत उरोवंक ना म्हाका?"

"ना."

तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. हसता हसता जमिनीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. पण रेजिना हसली नाही. ती माझ्यावर तुटून पडली. शिक्षिका म्हणे! भुरग्यांक खरें उलोवपाक शिकयता म्हणे! पिएदादने बसल्या जागेवरून तिला दुजोरा दिला, मग भर घातली, मग तीही उठून उभी राहिली. एक या कानाशी, एक त्या कानाशी. सहा वर्षांत त्या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्यावर झालं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मागच्या बाकावर फादर लुसियान ओंजळीत तोंड लपवून बसले होते. मला वाटलं प्रार्थना करताहेत. पोरांनी नंतर सांगितलं, हसू आवरत होते. दोघींना दम लागला तेव्हा ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "टीचरीखातीर." मग 'आमच्या बापा' सुरू केलं. दोघींनी मध्येच थांबून हात जोडले, आणि प्रार्थना संपल्यावर राहिलेलं बोलून घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी सायबिणीला घेऊन पिएदादच्या अंगणापर्यंत गेले. मागे गाणारी माणसं. अंगणात थांबून मी तिला रेजिनाच्या हातात ठेवलं. "तूं दी."

पिएदाद मेणबत्ती घेऊन उंबऱ्यावर उभी होती. मेणबत्ती तिने मुलीकडे दिली आणि हात पुढे केले. दोघींचे हात मूर्तीवर आले आणि कुणीच सोडेना. मेस्तने तेच कडवं तीन वेळा वाजवलं.

"सोड गो आतां," पिएदाद म्हणाली.

"तूं पयलीं सारकी धर."

अंगणभर हशा पिकला आणि सायबीण आत गेली. मी बाहेर उभी होते, रिकाम्या हातांनी. खरं सांगते, मला वाईट वाटलं. चांगलं केल्यावर लगेच चांगलं वाटतं, असं मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. ते खोटं आहे. पुढच्या वर्षी ही सगळी माणसं माझ्या दारावरून गात गात जातील आणि मी खिडकीतून नमस्कार करीन, एवढंच मला दिसत होतं.

लदीन आणि चणे झाल्यावर फादरांनी पिएदादच्या मेजावर वही उघडली. सगळे जमलेले असतात, म्हणून पुढच्या वर्षीच्या घरांचा क्रम तिथेच ठरवायचा होता. ते एकेक नाव वाचत होते. रेजिनाचं वाचलं, माझं वाचलं.

"माझं काढा, फादर," मी म्हटलं. "आता मधलं घर लागत नाही."

फादरांनी पेन उचललं. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांनी कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं ना.

"रावं पाद्रीबाब," पिएदाद म्हणाली. ती चण्यांची पातेली उचलत होती, ती तिने खाली ठेवली. "बाय, म्हाकाय एक सांगपाचें आसा. पयलीं आमी झगडत आसलीं म्हण सायबीण तुज्या घरा आयली. उपरांत ती तुज्या घरा येता म्हण हांव झगडत रावलीं."

मला कळलं नाही. तसं मी म्हटलं.

"गेल्या वर्सा रेजिनीक जोर आयिल्लो, आंग तापिल्लें. हांव पेज घेवन तिच्या घरा वचपाक भायर सरलीं. तुज्या दारांतल्यान वतां. तूं कदेलीर चडून जनेलां धुताली. सायबीण येवपाक आठ दीस आसले. आनी लदीन म्हणटाली, चुकीची. मास्तर गेल्याउपरांत तुका हांवें केन्ना गायतना आयकूंक ना. म्हणलें, आयज हांव समेट केल्यार ही फाल्यां परत रेडियो लावन बसतली. परतलीं."

मी वहीतल्या माझ्या नावाकडे पाहिलं.

बोलली ती रेजिना. "म्हणजे तूं पेज घेवन भायर सरल्ली आनी अर्द्या वाटेवेल्यान परतली? म्हाका जोर आसतना?"

"मागीर कितें करूं? बायक पळय मगो!"

"बायक पळय, आनी हांव मेलें जाल्यार?"

"मेलें ना न्हय?"

"पेज खंय गेली ती?"

"हांवें खाल्ली!"

"तुवेंय खाल्लें!"

फादर दोघींच्या मध्ये मान फिरवत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "मग बायचें नांव बरोवं?"

"बरय!" दोघी एकदम ओरडल्या, आणि पुन्हा एकमेकींकडे वळल्या.

फादरांनी रेजिनाच्या खाली आणि पिएदादच्या वर माझं नाव लिहिलं, आपल्या त्या वाईट अक्षरात. मी कदेल ओढून बसले, चष्मा काढला आणि भर माणसांत रडले. कुणी समजूत घालायला आलं नाही. त्या दोघींचं भांडण ऐन रंगात आलं होतं आणि सगळा वाडा ते ऐकत होता.